दूरस्थ यंत्रातील आज्ञावली : पाऊल कोठे चुकते ?

तहसील कचेरीच्या आवारातील पर्जन्यमापकात साचलेले पाणी रोज सकाळी साडेआठ वाजता मोजपात्रात ओतावयाचे आणि आलेला आकडा नोंदवहीत लिहावयाचा, ही पद्धत आपल्याकडे कित्येक पिढ्या चालत आली आहे. तिच्या जोडीला आता महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आहेत. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत भरपाईचा हिशेब संदर्भ हवामान केंद्राच्या नोंदींवरून होतो. साहजिकच डाळिंबाच्या वा द्राक्षाच्या बागाईतदाराचे लक्ष आकाशाइतकेच त्या केंद्राच्या आकड्याकडेही लागून राहते.

नोंदवहीत चूक झाली तर निदान खाडाखोड दिसते, कारकुनाला बोलावून विचारता येते. स्वयंचलित यंत्रात नोंद घेणारा कारकून म्हणजे नखाएवढी चिप आणि तिच्यात भरलेली आज्ञावली अर्थात प्रोग्रॅम. तिला विचारावयाचे झाल्यास एकच मार्ग रूढ आहे : तिला मधेच थांबवावयाचे, एकेक आज्ञा पार पाडावयास लावावयाचे आणि दर पावलाला तिच्या मनात काय आहे ते पाहावयाचे. या क्रियेला इंग्रजीत सिंगल-स्टेपिंग म्हणतात. आपण तिला एकपाऊल तपासणी म्हणू. ही तपासणी आपल्याच मेजावरच्या संगणकावर करावयाची असेल तर ती बव्हंशी सुरळीत होते. परंतु तपासावयाची आज्ञावली तारेच्या दुसऱ्या टोकाला, एखाद्या वेगळ्या यंत्रात चालू असेल, तर पाऊल कधी पुढे पडतच नाही, कधी भलत्याच ठिकाणी पडते, कधी धावत सुटते. अशा वेळी दोष आज्ञावलीचा की तपासणीचा, हे ओळखता आले पाहिजे. तंत्रनिकेतनातील शिक्षकांना हा विषय वर्गात शिकवावा लागतो. अधिकारी व पंचायत सदस्यांना दुरुस्ती-अभियंत्याचा अहवाल वाचून त्यावर सही करावी लागते. दोहोंच्या उपयोगाचा असा हा परिचय आहे.

पाऊल टाकतो कोण ?

दूरस्थ तपासणीत तीन पक्ष असतात. पहिला अभियंत्याच्या संगणकावरील डीबगर. त्यांपैकी सर्वाधिक प्रचारात असलेला जीडीबी हा रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये प्रथम लिहिला. तिसरा पक्ष म्हणजे तपासावयाचे यंत्र, ज्याला टार्गेट म्हणतात. या दोहोंमध्ये एक मध्यस्थ असतो. यंत्रावर लिनक्ससारखी कार्यप्रणाली असेल तर जीडीबीसर्व्हर नावाची छोटी आज्ञावली त्याच यंत्रावर राहून मध्यस्थी करते. पर्जन्यमापकासारख्या लहान चिपवर कार्यप्रणाली नसते. तेथे चिपच्या दोन तारांना जोडलेला प्रोब आणि अभियंत्याच्या संगणकावर चालणारे ओपनओसीडीसारखे साधन मिळून हे काम करतात. ओपनओसीडीचा आरंभ जर्मनीतील आउग्सबुर्ग येथील डोमिनिक राथ या विद्यार्थ्याच्या पदविका प्रबंधातून झाला, ही गोष्ट आपल्या तंत्रशाळांतील विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी आहे.

डीबगर स्वतः पाऊल टाकीत नाही, हे येथे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. तो मध्यस्थाला एक छोटा संदेश धाडतो. संदेशाची सुरुवात डॉलरच्या चिन्हाने होते, शेवटी तपासणी-बेरजेचे दोन अंक असतात आणि मधला मजकूर कित्येकदा केवळ एका अक्षराचा असतो. ‘एस’ म्हणजे एक पाऊल टाक, ‘सी’ म्हणजे चालू लाग. उत्तरादाखल ‘टी०५’ आले की समजावयाचे : यंत्र पुन्हा थांबले आहे. प्रत्यक्ष पाऊल टाकण्याची कला मात्र प्रत्येक यंत्राची निराळी असते.

ज्या शिक्षकांनी ८०८५ चे शिक्षणसंच हाताळले आहेत त्यांना एकेक आज्ञा चालविण्याची कळ आठवत असेल. १९७५ च्या अल्टेअर ८८०० या संगणकाच्या दर्शनी फळीवरही असा एक खटका होता. तेथे पाऊल टाकणे हे विजेच्या मंडलाचे काम होते. १९७८ च्या ८०८६ मध्ये ही सोय प्रोसेसरच्या आत आली : ट्रॅप फ्लॅग नावाचा एक बिट लावला की प्रत्येक आज्ञेनंतर प्रोसेसर आपण होऊन थांबतो आणि तपासनिसाकडे वळतो. इंटेलच्या वंशातील संगणक आजही तीच रीत पाळतात. लहान उपकरणांत सर्वत्र आढळणाऱ्या आर्म कॉर्टेक्स-एम जातीच्या चिपमध्ये तपासणीसाठी राखून ठेवलेल्या एका रजिस्टरात असाच एक बिट आहे. उलट ३२-बिट आर्म प्रोसेसरवर लिनक्स चालत असेल तर अशी यांत्रिक सोय मिळत नाही. तेथे डीबगरला पुढची आज्ञा कोणती येईल याचे गणित आधी मांडावे लागते, तेथे तात्पुरता थांबा बसवावा लागतो आणि यंत्र चालू करून ते त्या थांब्यावर येण्याची वाट पाहावी लागते. गणित चुकले, किंवा थांबा बसविता आला नाही, तर पाऊल न पडता यंत्र धावत सुटते. म्हणून पाऊल चुकल्याची तक्रार आली की पहिला प्रश्न हाच असावा : या यंत्रावर पाऊल टाकण्याची रीत कोणती ?

पर्जन्यमापकाचे उदाहरण

पुढील विवेचनासाठी एक उदाहरण समोर ठेवू. ते अध्यापनासाठी रचलेले आहे. प्रत्यक्षातील कोणत्याही केंद्राचे वा उपकरणाचे ते वर्णन नव्हे. नसराळ्याखाली झोपाळ्यासारख्या दांडीवर दोन छोट्या वाट्या आहेत. एक वाटी भरली की ती कलते, रिकामी होते आणि दुसरी वर येते. एक कल म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस. प्रत्येक कलाबरोबर दांडीवरचा चुंबक एका रीड स्विचवरून जातो, स्विच क्षणभर मिटतो आणि चिपकडे एक विद्युत्‌स्पंद पोहोचतो. स्पंद आला की चिप हातातले काम बाजूला ठेवून एका छोट्या उपकार्याकडे वळते, मोजणीत एक मिळविते आणि परतते. या मधेच येऊन काम थांबविणाऱ्या संकेताला इंटरप्ट म्हणतात. मुख्य आज्ञावली दर पंधरा मिनिटांनी मोजणीचा आकडा दूरध्वनी जाळ्यावरून पाठविते आणि उरलेला वेळ वीज वाचविण्यासाठी निद्रिस्त राहते.

तक्रार अशी की, जोराच्या सरीत मोजणी कमी भरते. अभियंता केंद्रावर येतो, प्रोब जोडतो आणि एकपाऊल तपासणी सुरू करतो. त्याच्या वाटेत येणाऱ्या अडचणी आता क्रमाने पाहू.

आरंभीची अडचण अगदी साधी असते आणि म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते. अभियंत्याच्या संगणकावरील मूळ लेखन एका आवृत्तीचे आणि चिपमधील आज्ञावली दुसऱ्या आवृत्तीची, असे झाले की पडद्यावरचा बाण रिकाम्या ओळींवर आणि टिपणांवर उभा राहू लागतो. बेरजेच्या ओळीवर पाऊल टाकले तरी बेरीज होत नाही. वास्तविक चिप आपले काम चोख करीत असते. आपण मात्र जुना नकाशा हाती घेऊन नव्या गावातून हिंडत असतो. याचे निराकरण तर्काने करू नये, मोजून करावे. जीडीबीमध्ये ‘कम्पेअर-सेक्शन्स’ नावाची आज्ञा आहे. ती यंत्राच्या मेमरीतील मजकुराची तपासणी-बेरीज आपल्याकडील फाइलशी ताडून पाहते आणि प्रत्येक विभागापुढे ‘मॅच्ड’ किंवा ‘मिस-मॅच्ड’ असा शेरा देते. आज्ञांच्या विभागापुढे नकाराचा शेरा आला तर पुढची सारी तपासणी निरर्थक होय. प्रस्तुत लेखकाच्या मते, ज्या दुरुस्ती-अहवालात हा शेरा नोंदलेला नाही तो अहवाल अपुरा समजावा.

आवृत्ती जुळली तरी बाण पुढे-मागे उड्या मारतो, असेही होते. याचे कारण कंपायलर. वेगाच्या आणि जागेच्या बचतीसाठी कंपायलर आज्ञांचा क्रम बदलतो, काही ओळी एकमेकींत मिसळतो, काही चलांना मेमरीत जागाच देत नाही. अशा चलाची किंमत विचारली की डीबगर ‘ऑप्टिमाइज्ड आउट’ असे उत्तर देतो. विद्यार्थी याला बिघाड समजतात. तो बिघाड नव्हे. तपासणीपुरती आज्ञावली बचतीशिवाय किंवा तपासणीला सोयीच्या बेताच्या बचतीने पुन्हा बांधून घ्यावी. मात्र अशी बांधलेली आज्ञावली मंद चालते, आणि काही दोष वेग बदलताच नाहीसे होतात, याचे भान असावे. त्या वेळी ओळीओळीने पाऊल टाकण्याऐवजी ‘स्टेपआय’ ही आज्ञा वापरून यंत्रभाषेतील एकेका आज्ञेने पुढे जाणे बरे.

थांबलेली चिप, न थांबलेला पाऊस

यापुढची अडचण या विषयाच्या गाभ्याशी आहे. अभियंता मुख्य आज्ञावलीत एका ओळीवर थांबला आहे. तो ‘स्टेप’ म्हणतो आणि बाण पुढच्या ओळीवर जाण्याऐवजी थेट इंटरप्टच्या उपकार्याच्या पहिल्या ओळीवर जाऊन पडतो. तेथून कसाबसा बाहेर येऊन तो पुन्हा पाऊल टाकतो, पुन्हा तेच. आज्ञावली भरकटली असे त्याला वाटते.

झालेले असते ते असे. डीबगरने प्रोसेसर थांबविला. परंतु चिपवरचे कित्येक टायमर थांबलेले नसतात आणि नसराळ्यात पडणारा पाऊस तर थांबलेला नसतोच. माणूस पडद्याकडे पाहत विचार करीत असताना दोन-चार सेकंद जातात. प्रोसेसरच्या हिशेबी हा प्रदीर्घ काळ होय. त्या अवधीत एखादा तरी इंटरप्ट दाराशी येऊन उभा राहतो. एका पावलापुरता दरवाजा उघडला की तो आत शिरतो, आणि ते एक पाऊल त्याच्या उपकार्याच्या उंबरठ्यावर संपते.

यावर उपाय म्हणून पाऊल टाकताना इंटरप्ट अडवून धरण्याचा एक बिट कॉर्टेक्स-एम चिपमध्ये दिला आहे. ओपनओसीडीमध्ये ‘कॉर्टेक्स_एम मास्कआयएसआर’ या आज्ञेने तो हाताळता येतो. तिचा ‘ऑटो’ हा पर्याय खुबीचा आहे : ताटकळलेल्या इंटरप्टना आधी आपले काम उरकू दिले जाते आणि मग त्यांना अडवून पाऊल टाकले जाते. ‘ऑन’ म्हटले की ते अडविलेलेच राहतात. बाण आता शहाण्यासारखा ओळीमागून ओळ चालू लागतो आणि अभियंत्याला हायसे वाटते.

खरा धोका येथून पुढे आहे. दाराशी किती इंटरप्ट आले याची मोजदाद चिप ठेवीत नाही. प्रत्येक इंटरप्टसाठी ‘कोणीतरी वाट पाहत आहे’ एवढेच सांगणारा एकच बिट असतो. चिप थांबलेली असताना वाटी पाचदा कलली तर पाच स्पंद आले, परंतु बिट एकदाच लागला. चिप पुन्हा चालू केली की मोजणी पाचाने न वाढता एकाने वाढते. एक मिलिमीटर पावसाची नोंद ०.२ मिलिमीटर होते. आता तक्रार काय होती ते आठवावे : जोराच्या सरीत मोजणी कमी भरते. अभियंत्याने भर पावसात चिप थांबवून तपासणी केली, मोजणी कमी भरलेली डोळ्यांनी पाहिली आणि दोष सापडला असा निष्कर्ष काढला. त्याने पाहिलेला दोष त्यानेच निर्माण केलेला होता. मूळ दोष कदाचित रीड स्विचमध्ये असेल, कदाचित एका वाटीत अडकलेल्या पानात. तो जागच्या जागी राहिला, आणि आज्ञावलीत मात्र नको तो बदल झाला.

तपासणीची खिडकी उघडी ठेवल्याने दोष उपजतो, अशी आणखी एक तऱ्हा आहे. चिपवरील काही रजिस्टरे अशी असतात की ती वाचताच रिकामी होतात. संदेश-वाहिनीत आलेले अक्षर ज्या रजिस्टरात असते ते याच प्रकारचे. पडद्याच्या कोपऱ्यात सगळी रजिस्टरे दाखविणारी चौकट उघडी असेल, तर दर पावलाला डीबगर ती वाचतो आणि आज्ञावलीच्या वाट्याचे अक्षर स्वतःच उचलून नेतो. पाहिलेले पत्र पेटीतून नाहीसे व्हावे, तसा हा प्रकार. अशी चौकट बंद ठेवून पाहावी.

राखणदार, निद्रा आणि थांब्यांची टंचाई

शेतात एकट्याने उभ्या राहणाऱ्या उपकरणात वॉचडॉग नावाचा राखणदार असतो. आज्ञावलीने ठराविक मुदतीत त्याला हाक दिली नाही तर ती अडकली आहे असे समजून तो सारी चिप पुन्हा आरंभापासून सुरू करतो. डीबगरने थांबविलेली आज्ञावली हाक कशी देणार ? परिणामी पाचसहा पावले होतात न होतात तोच चिप एकदम पहिल्या ओळीवर जाते. हे ज्या ओळीवर घडले त्या ओळीवर संशय घेतला जातो. वस्तुतः ती बिचारी केवळ त्या वेळी हजर होती. एसटीएम३२ कुळातील चिपमध्ये प्रोसेसर थांबला असता राखणदारालाही थांबविण्यासाठी निराळा बिट असतो. तो आपण होऊन लावलेला नसतो, तपासणीपूर्वी लावावा लागतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. चिप पुन्हा सुरू होण्याचे ठिकाण दरवेळी बदलत असेल, परंतु थांबल्यापासूनचा अवधी दरवेळी जवळपास तेवढाच असेल, तर तो राखणदार समजावा. शिवाय मागील आरंभ कशामुळे झाला याची नोंद चिप एका रजिस्टरात ठेवते. ते वाचून खात्री करून घ्यावी.

निद्रेचेही असेच. वीज वाचविणारी चिप गाढ निद्रेत गेली की तिचे घड्याळ बंद पडते आणि प्रोबला उत्तर देणारा भागही मुका होतो. अभियंत्याला ‘संपर्क तुटला’ असा संदेश मिळतो. निद्रेतही तपासणीचे घड्याळ चालू ठेवण्याचे बिट वरील कुळात आहेत. तारेची लांबी फार असेल तर संपर्काचा वेग कमी करून पाहावा. तो उपाय जुना आहे आणि पुष्कळदा लागू पडतो.

थांब्यांची टंचाई ही मात्र थोडी समजावून घेण्याची गोष्ट आहे. साध्या मेमरीत थांबा बसवावयाचा तर तेथील मूळ आज्ञा उचलून तिच्या जागी थांबविणारी आज्ञा ठेवतात. परंतु लहान चिपमधील आज्ञावली फ्लॅश मेमरीत असते आणि तेथे असा सहजी बदल करता येत नाही. म्हणून चिपमध्ये पत्ता ताडून पाहणारी मोजकीच मंडले दिलेली असतात : कॉर्टेक्स-एम०मध्ये जास्तीत जास्त चार, एम३ व एम४मध्ये आज्ञांसाठी सहा. उत्साही विद्यार्थी आधीच सगळ्या थांब्यांचा वापर करून टाकतो. मग तो एखाद्या उपकार्याच्या हाकेवर ‘नेक्स्ट’ म्हणतो. ‘नेक्स्ट’ला उपकार्य पार पाडून परतल्यावर थांबण्यासाठी परतीच्या पत्त्यावर स्वतःचा तात्पुरता थांबा लागतो, आणि तो शिल्लक नसतो. डीबगर तक्रार करतो, ती कोणी वाचीत नाही, आणि ‘नेक्स्ट चालत नाही’ अशी हाकाटी होते. एखाददुसरा थांबा नेहमी मोकळा ठेवावा.

पाऊल जागचे हलत नाही तेव्हा

मोठ्या यंत्रांत, म्हणजे आर्म प्रोसेसरवर लिनक्स चालविणाऱ्या संदेशवाहक पेट्यांत वगैरे, एक चमत्कारिक अडचण येते. अभियंता एकेक आज्ञा पुढे जातो आणि चार-पाच आज्ञांनंतर पुन्हा मागच्याच जागी येतो. अनंत काळ तेच वर्तुळ. डीबगर न लावता तीच आज्ञावली विनासायास पुढे जाते. या चार-पाच आज्ञांत सामायिक वस्तूला कुलूप लावण्याचे काम चाललेले असते. पहिली आज्ञा किंमत वाचते आणि त्या जागेवर खूण ठेवते. शेवटची आज्ञा नवी किंमत लिहू पाहते, परंतु मधल्या काळात खूण पुसली गेली असेल तर लिहिण्याचे नाकारते आणि पुन्हा पहिल्यापासून प्रयत्न होतो. दर पावलाला यंत्र तपासनिसाकडे वळते आणि त्या येण्याजाण्यातच खूण पुसली जाते. म्हणून कुलूप कधीच लागत नाही. आजचा जीडीबी अशी जोडी ओळखून सबंध तुकडा एका दमात पार पाडतो आणि पलीकडे थांबतो. तथापि या तुकड्याच्या मधोमध आपणच थांबा बसविला असेल तर डीबगरचाही नाइलाज होतो. थांबा जोडीच्या पलीकडे न्यावा.

ज्या आज्ञावलीत एकाच वेळी अनेक धागे चालतात तेथे एका धाग्याचे पाऊल टाकताना बाकीचे मोकळे सुटतात आणि त्यांतला एखादा थांब्यावर येऊन आपले लक्ष वेधतो. ‘सेट शेड्युलर-लॉकिंग स्टेप’ म्हटल्यास पाऊल टाकतेवेळी इतर धागे जागीच राहतात. पण ज्या धाग्याला पुढे न्यावयाचे तोच दुसऱ्याकडील कुलपाची वाट पाहत असेल, तर ही शिस्त त्याला कायमचे अडकवून ठेवील.

मंदपणाविषयी थोडेसे. मूळ लेखनातील एक ओळ म्हणजे यंत्रभाषेतील शेकडो आज्ञा असू शकतात. प्रत्येक आज्ञेमागे एक संदेश आणि एक उत्तर धरले आणि दूरध्वनी जाळ्यावर त्याला एक दशांश सेकंद लागला, तर तीनशे आज्ञांच्या ओळीला अर्धा मिनिट लागेल. यंत्र अडकलेले नसते, टपाल हळू चाललेले असते. जीडीबीसर्व्हरला ओळीच्या दोन्ही सीमा एकदाच कळवून मधली पावले त्याच्यावर सोपविण्याची सोय पुढे करण्यात आली, तिचा लाभ घ्यावा.

वरीलपैकी कोणतीही अडचण असो, एक साक्षीदार नेहमी उपलब्ध असतो. ‘सेट डीबग रिमोट १’ एवढे म्हटले की डीबगर व मध्यस्थ यांच्यातील सारा पत्रव्यवहार पडद्यावर येतो. पावलाचा संदेश गेला का, थांबल्याचे उत्तर आले का, उत्तरातील पत्ता बदलला का, हे तीन प्रश्न त्या कागदावर सुटतात. संदेश गेलाच नसेल तर दोष डीबगरच्या बाजूला. गेला आणि उत्तर नाही, तर मध्यस्थ किंवा तार. उत्तर आले पण पत्ता तोच, तर यंत्राची पावलाची रीत किंवा वर सांगितलेले कुलूप. पोलीस तपासात जबाबाआधी पंचनामा करतात, तद्वत हा पंचनामा आधी करावा.

जेथे पाऊल टाकूच नये

काही दोष वेळेच्या गणितात असतात, आणि एकपाऊल तपासणी वेळच मोडते. याचे ख्यातनाम उदाहरण पृथ्वीवरचे नाही. अमेरिकेचे मार्स पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले आणि काही दिवसांतच त्यावरील संगणक वारंवार नव्याने सुरू होऊ लागला. योगायोग असा की गुंत्यात सापडलेले कार्य हवामानाच्या नोंदी गोळा करणारेच होते. त्याला अग्रक्रम कमी होता. त्याने सामायिक कुलूप धरलेले असताना मध्यम अग्रक्रमाची कार्ये मधे घुसत आणि उच्च अग्रक्रमाचे कार्य कुलपासाठी ताटकळत राही. मुदत टळली की देखरेखीचे कार्य सारा संगणक पुन्हा सुरू करी. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील अभियंत्यांनी मंगळावरील यंत्राला पावलापावलाने चालविण्याचा प्रयत्न केला नाही. त्यांनी प्रयोगशाळेतील तशाच यंत्रावर तीच आज्ञावली पूर्ण वेगाने चालू ठेवली आणि घटनांची नोंद घेत दोष पुन्हा घडण्याची वाट पाहिली. तो घडल्यावर नोंदीतून कारण उलगडले, आणि कुलपाच्या व्यवस्थेत अग्रक्रम उसना देण्याची सोय चालू करणारी दुरुस्ती मंगळाकडे धाडण्यात आली.

आपल्या पर्जन्यमापकालाही हाच मार्ग योग्य होय. मेमरीत चौसष्ट नोंदींची एक फिरती वही ठेवावी. प्रत्येक स्पंदाबरोबर उपकार्याने तीत फक्त वेळ लिहावी. चौसष्ट झाल्या की पुन्हा पहिल्या ओळीपासून. सर ओसरल्यावर चिप एकदाच थांबवावी आणि वही वाचावी. दोन स्पंदांतील अंतर सरीच्या जोरात अचानक दुप्पट दिसले तर मधला एक कल निसटला आहे; काही सहस्रांश सेकंदांच्या अंतराने दोन स्पंद दिसले तर स्विच थरथरतो आहे.

वर्गात करावयाचा प्रयोग

तंत्रनिकेतनात हे सारे एका तासिकेत दाखविता येते. कॉर्टेक्स-एम चिपचे कोणतेही शिक्षण-बोर्ड, प्रोब आणि वाट्यांच्या जागी एक दाबकळ एवढे साहित्य पुरते. प्रथम आज्ञावली चालू ठेवून कळ पाच वेळा दाबावी. मोजणी बहुधा पाचाहून अधिक भरेल, कारण धातूचे टोक टेकताना थरथरते. कळीला लहान कपॅसिटर व रोधक जोडून ती पाचावर आणावी. मग चिप थांबवून कळ पुन्हा पाच वेळा दाबावी आणि चिप चालू करावी. मोजणी एकानेच वाढेल. विद्यार्थ्यांना आधी अंदाज लिहावयास सांगावा. पुष्कळजण पाच लिहितील, काहीजण शून्य. त्यानंतर ‘मास्कआयएसआर’चे पर्याय बदलून तेच पाऊल टाकून दाखवावे, आणि शेवटी राखणदार चालू करून चिप थांबवावी. घड्याळ लावून पाहणाऱ्या विद्यार्थ्याला राखणदाराची मुदत स्वतः शोधून काढता येईल.

कार्यालयात ठेवावयाची नोंद

केंद्रावर दुरुस्तीसाठी आलेल्या अभियंत्याकडून पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात : चिपमधील आज्ञावली व त्याच्याकडील आवृत्ती जुळल्याचा शेरा; चिप किती वाजून किती मिनिटांनी थांबविली व केव्हा चालू केली; त्या अवधीत पाऊस पडत होता काय; राखणदार थांबविला होता काय आणि जाताना तो पूर्ववत केला काय. शेवटची बाब विसरण्याची शक्यता फार, आणि राखणदाराविना सोडलेले केंद्र एकदा अडकले की कोणी तेथे जाईपर्यंत अडकलेलेच राहते.

चिप थांबलेल्या अवधीतील पावसाचा आकडा शून्य असला तरी तो शून्य पाऊस नव्हे. त्या अवधीपुढे ‘तपासणीमुळे नोंद नाही’ असे लिहावे आणि ते टिपण आकड्यांबरोबर वरच्या कार्यालयाकडे जाईल असे पाहावे. शक्य असल्यास त्या वेळात केंद्राच्या कुंपणात साधे पर्जन्यमापक पात्र ठेवावे. चिप पुन्हा चालू झाल्यावर त्यातील पाणी मोजपात्रात ओतून आकडा त्याच नोंदवहीत लिहून ठेवता येतो.